चूलबंद घरांचा आकडा

बुधवार, २२ एप्रिल

आजपासून घरात माझ्याकडं एक काम आलं. ताईच्या लग्नातल्या जेवणाचा आकडा काढायचा. ताई म्हणजे सुलेखा, माझी मोठी बहीण. सतरा मेला तिचं मंगल परिणय. मुलगा चितेगावचा, धम्मपाल नाव, तिथंच एका कारखान्यात सुपरवायझर. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, सुट्ट्या बघतात. म्हणून रविवार.

आप्पा मला काम द्यायला तयार नव्हते. "ह्याला?" एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात माझी गेली पाच वर्षं आली. मोबाइल दुरुस्तीचा अर्धा कोर्स, औषधाच्या कंपनीतली नोकरी, लेण्यांवरची गाइडगिरी, पार्सल पोचवणं, आणि मधले गायब महिने.

ताई म्हणाली, "आप्पा, सांडूमामा आचाऱ्याला जेवणाऱ्यांचा आकडा द्यायचा, एवढंच तर हाय. मी बुद्धभूषणला कंप्युटरवर शिकवते. तो बरोबर काढंल."

कंप्युटर म्हटल्यावर आप्पा तयार झाले. वाळूजच्या कंपनीत त्यांनी जन्मभर मशिन चालवली. मशिनीवर त्यांचा विश्वास आहे. चालवणाऱ्यावर नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल

ताईनं जुन्या लॅपटॉपवर डेटाबेस बसवून दिला. ती ऑफिसात दिवसभर हेच करते. आत एक तक्ता. एका ओळीत एक घर. रकाने चार: घरातल्या मोठ्या माणसाचं नाव, गाव, आवतणाचा प्रकार, आणि येणारी माणसं.

मग फंक्शन. ही आपण बनवायची नसतात, आधीच कुणीतरी बनवून आत बसवलेली असतात. नुसतं नाव घ्यायचं, पुढं कंस, कंसात रकाना. पिठाच्या गिरणीसारखं. वरून दळण टाका, खालून पीठ. मला हे लई आवडलं. कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम मी किती वर्षं शोधत होतो.

'नाऊ' म्हटलं की आत्ताची तारीख आणि वेळ सांगतं. त्यासाठी आमच्याकडं भिंतीवर घड्याळ आहे. 'ट्रिम' नावाच्या मागची-पुढची रिकामी जागा छाटतं. 'रँड' मनाला येईल तो आकडा देतं, दर वेळी वेगळा.

"हे तुझ्यासारखं," ताई म्हणाली.

मग मी रँडच चालवत बसलो. एकदा तरी तोच आकडा परत येतो का बघायचं होतं. आई पदराला हात पुसत आली. "काय करायलास?"

"शिकायलोय."

"मग बरं चाललंय. जरा उठून सिलेंडर आण."

रविवार, २६ एप्रिल

आज बसून नावं भरायची होती. माझ्या दोस्ताला, शिवराजला, खुलताबादला कुणाचा तरी दुरुस्त केलेला मिक्सर पोचवायचा होता. म्हणाला, "चल ना यार, एकटा कायकू जाऊ." गेलो. मिक्सर पोचला. चढावर गाडी तापली, म्हणून बद्रीनाथकाकांकडं थांबलो. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग उन्हं उतरेपर्यंत त्यांच्या भाच्यांबरोबर विटीदांडू.

नावं उद्या भरतो.

मंगळवार, ५ मे

नावं भरतोय. आज आईबरोबर आवतणं द्यायला फिरलो. मागं आई, तिच्या मांडीवर पत्रिकांची पिशवी, आणि माझ्या कानात तिचं "हळू रे".

आवतणाचे प्रकार मला ऐकून माहीत होते, रकाना भरायला लागल्यावर नीट कळले. लांबच्या ओळखीला 'घरटी एक'. जरा जवळच्याला 'जोडीनं या'. आणि भावकीला, गल्लीतल्या रोजच्या उठबशीतल्यांना 'चूलबंद'. म्हणजे त्या दिवशी त्यांनी घरी चूल पेटवायचीच नाही. म्हातारी माणसं, पोरंसोरं, ऐन वेळी आलेला पाहुणा, सगळे आमच्याकडं जेवायला.

गल्लीतल्या धोंडिबातात्यांच्या दारात मी मोबाइल काढून विचारलं, "तात्या, किती जण याल?"

आईनं पाठीत असा धपाटा घातला की मोबाइल तात्यांच्या बादलीत पडता पडता राहिला. तात्या हसले, पण जरा उशिरा हसले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "चूलबंद सांगायचं न् वर तोंडं मोजायची व्हय रे? त्याचा अर्थ काय व्हतो? कमी या, असाच ना?"

"मग रकान्यात काय लिहू?"

"काय लिहू नको. ऱ्हाऊ दे रिकामा."

रिकामा ठेवला. सगळ्याच चूलबंद घरांचा रिकामा ठेवला. काम लई लवकर उरकलं.

शनिवार, ९ मे

आज ताई म्हणाली, महत्त्वाचं शिकवते, जागचा हलू नको. 'काउंट' मोजतं. 'सम' बेरीज करतं. 'मॅक्स' सगळ्यात मोठा आकडा काढतं. 'ॲव्हरेज' सरासरी. 'राउंड' दशांशाचं शेपूट तोडून जवळचा पुरा आकडा देतं. मी सगळी एकेकदा चालवून बघितली. भारी आहेत. तक्रार नाही, चहा नाही, सुट्टी नाही.

"आता नीट ऐक," ताई म्हणाली. "रिकामा रकाना म्हणजे शून्य नाय. रिकामा म्हणजे माहीत नाय. न् माहीत नसलेल्याचं ही फंक्शनं काय करतात, तर..."

तेवढ्यात खालून शिवराजचा हॉर्न. चौकात अजगर निघालाय म्हणे. म्हटलं, "ताई, आलोच."

अजगर नव्हता, धामण होती. तीही सर्पमित्रानं आधीच नेलेली. पण ती कशी पकडली हे सांगणारे चौघं होते आणि चौघांचं वेगवेगळं होतं. कुणाचं खरं ते ठरवण्यात संध्याकाळ गेली. परत आलो तर ताई मेंदीवालीशी फोनवर बोलत होती. असो, धडा जवळपास संपलाच होता.

सोमवार, ११ मे

आकडा निघाला.

'सम' लिहिलं, कंसात माणसं टाकली, बटण दाबलं. तीनशे बारा. डोळा मिटायच्या आत. वऱ्हाडाचे दोनशे वेगळे, ते चितेगावकरांनी कळवलेत. शनिवारच्या हळदीला फक्त आमच्या बजाजनगरातली घरं, तो आकडा गाव निवडून काढला. अठ्ठावन्न.

सांडूमामा आचारी आले होते. गल्लीतल्या सगळ्या लग्नांचं जेवण त्यांच्याच हातचं. "तीनशे बारा? साडेतीनशे धरू का?"

"नाय मामा. कंप्युटरचा हाय. तीनशे बारा."

मामा म्हणाले, "आजवर लोक तीनशे म्हणायचे न् पाचशे यायचे. असा सुटा आकडा पहिल्यांदा ऐकतोय." त्यांना तीनशेपेक्षा बारा पटले. नुसता तीनशे असता तर विश्वास बसला नसता.

संध्याकाळी आप्पा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या काकासाहेबांना सांगत होते, "पोरानं मशिनीवर आकडा काढला. तीनशे बारा." मग परत कुणीतरी आलं, त्यालाही सांगितलं. मी आत पाणी पीत होतो. दोन तांबे प्यायलो.

बुधवार, १३ मे

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अठ्ठावन्न? हळदीला? नुसत्या आपल्या गल्लीत..."

"आई, कंप्युटरचा हाय."

आईनं आप्पांकडं बघितलं. आप्पा माझ्यासाठी चहा ओतत होते. आप्पांनी मला चहा ओतून दिलेला मला तरी आठवत नाही. आईनं परात उचलली आणि आत गेली.

ताईनं लॅपटॉप उघडला, परत मिटला, आणि माझ्याकडं सरकवला. म्हणाली, "मी बघणार नाय. तुझं काम हाय, तूच बघ."

लग्न ठरलं की मुलींचं घरच्या कामात लक्ष राहत नाही, असं म्हणतात ते खरं असावं.

शनिवार, १६ मे, दुपारी

लिहायला हात धजत नाही.

सकाळी हळद झाली. ताई पिवळी पिवळी झाली होती. जेवणं बसली. पहिली पंगत उठेपर्यंत वांग्याच्या भाजीच्या पातेल्याचा तळ दिसला. मांडवात अजून निम्मी गल्ली उभी होती. धोंडिबातात्या सगळं घर घेऊन आले होते, कडेवर एक, बोटाला एक, मागं काठी टेकत त्यांची आई. ते उभेच राहिले.

आईनं आणि शेजारच्या बायांनी घराघरांतून तांदूळ जमवून भात टाकला. ज्यांना आज चूल पेटवू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याच शेगड्यांवर भात शिजला. लोक समजूतदार निघाले, मीठ-भाताला छान म्हणत जेवले. ते 'छान' माझ्या मनाला लई लागलं.

मी आप्पांना म्हणालो, "लोक जास्तीच आले."

आप्पा म्हणाले, "जास्तीचं कुणी नाय आलं. बोलावलेलेच आले."

एवढं म्हणून ते परात उचलून भात वाढायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, मग मी बाहेर तरी निघून गेलो असतो.

उद्या मांडवात चितेगावचे दोनशे लोक बघत असणार. ताईला त्या गावात राहायचंय. 'तुझ्या लग्नात भात संपला होता' हे तिला तिची नातवंडं होईपर्यंत ऐकवतील. आणि सांडूमामांचा माल तीनशे बाराचा भरलेला आहे. भाजी आणायला मंडीत ते दिवेलागणीला निघणार. तोपर्यंत खरा आकडा पाहिजे.

तोच दिवस, दिवेलागणीनंतर

सांडूमामा मंडीकडं गेले. आता लिहितो.

ताई खोलीत बसली होती, दोन्ही हातांना ओली मेंदी. म्हणाली, "लॅपटॉप आण. मला हात लावता येत नाय, तू टाइप कर. काउंट. कंसात नुसती चांदणी, स्टार."

दोनशे एक्क्याऐंशी.

"आता काउंट, न् कंसात माणसं."

दोनशे आठ.

"हे वेगवेगळे कसे?"

"त्या दिवशी अजगर बघायला पळाला नसता तर कळलं असतं."

"धामण होती."

"चांदणी टाकली की ते सगळ्या ओळी मोजतं," ताई म्हणाली. "रकाना टाकला की फक्त भरलेला मोजतं. रिकामा दिसला की गुपचूप ओलांडून पुढं जातं. समचं पण तसंच. ते ओरडत नाय, विचारत नाय."

त्र्याहत्तर घरं. सगळी चूलबंद. एकट्यानं येणारा लांबचा माणूस मोजला गेला आणि जी सगळ्यात जवळची होती तेवढीच सुटली. म्हटलं, आता घरोघर जाऊन विचारावं, तर आई जीव घेईल.

"तू एकदा बघायचं होतं ना गं," मी म्हणालो.

"लई वेळा उघडावंसं वाटलं," ती म्हणाली, आणि मेंदीवर फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "'कोअलेस' म्हणून एक फंक्शन हाय. रकाना रिकामा असंल तर हा आकडा धर, असं सांगता येतं. सगळीकडं पाच धर न् मोकळा हो."

"धोंडिबातात्यांकडं पाच? तिथं अकरा ताटं पडतात. बारावं मांजरीचं."

"तुला काय माहीत?"

"जेवलोय ना."

ताई पडद्याजवळ सरकली. "बरं. काकासाहेब?"

"सहा. धाकटी सून बाळंतपणाला गेलीय. पण तिच्या जागी काकूंची बहीण आलीय. सातच."

"बद्रीनाथकाका, खुलताबाद."

"आठ. उन्हाळ्यात दोन भाचे असतात. दहा."

"तू कधी गेलता तिकडं?" हा आवाज दारातून आला. आप्पा.

"आत्ता, पंधरा-वीस दिवस झाले. न् गेल्या पावसाळ्यात राहिलो होतो आठवडाभर."

"गेल्या पावसाळ्यात तू औषधाच्या कंपनीत व्हता."

मी पडद्याकडं बघितलं. ताई घाईनं म्हणाली, "पुढचं घर."

आप्पांनी खुर्ची ओढली आणि बसले. "चालू द्या. मला पण कळू द्या, पोरगा कुठं कुठं नोकरीला व्हता ते."

मग ताई नाव वाचायची, मी आकडा सांगायचो आणि टाइप करायचो, आणि आप्पा महिना विचारायचे. एका घरी मुगाची डाळ चांगली असते हे मी उगाच बोलून गेलो. एका घरी आजोबा रात्री जेवत नाहीत, पण लग्नात जेवतात, तेही धरले. पिसादेवी गावच्या आत्याकडं मी तीन दिवस राहिलो होतो. आप्पा म्हणाले, "तेव्हा तर तू मला पुण्याहून फोन केलता." मी म्हटलं, "नेटवर्क चांगलं होतं." ताई हसताना मेंदीचा हात उशीला लागला.

शेवटी नऊ घरं उरली, जिथं मी कधी जेवलो नव्हतो. तिथं कोअलेस लावून पाच धरले.

"नऊच?" आप्पा म्हणाले. "ही कशी काय सुटली तुझ्या तावडीतनं?"

सम चालवलं. सातशे एकोणऐंशी.

सांडूमामा चप्पल घालता घालता थांबले. "तीनशे बाराचे सातशे एकोणऐंशी? कंप्युटरला ताप आलाय काय? मी हजार धरतो बाबा. परवडलं उरलेलं."

मी लॅपटॉप मिटला. सकाळच्या भाताची चव तोंडात होती.

आप्पा म्हणाले, "सातशे एकोणऐंशीच धर. मशिनीनं नाय, पोरानं काढलाय."

मामांना ते कितपत पटलं माहीत नाही. पण गेले.

सोमवार, १८ मे

काल लग्न झालं.

मी सकाळपासून मांडवाच्या मागं, भाताच्या पातेल्याजवळ उभा होतो. शिवराज दोनदा बोलवायला आला, एकदा डीजेवाल्याचं भांडण बघायला, एकदा नुसतंच. गेलो नाही. दर पंगतीला चूलबंद घरं डोळ्यांनी टिपत होतो. तात्यांचे अकरा आले. खुलताबादचे दहा आले. नवखी नऊ घरंही आली. त्यातल्या एका घरातून पाचाऐवजी तेरा माणसं उतरली तेव्हा मी पातेल्यात वाकून बघितलं. पण दुसऱ्या एका घरातून एकटे आजोबाच आले. त्यांना मी दोनदा बुंदी वाढली.

चितेगावची माणसं शेवटच्या आधीच्या पंगतीला होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं जाणूनबुजून भात मागितला, परत मागितला, परत मागितला. परीक्षा घेत असावा. मी वाढत राहिलो. शेवटी त्यानंच पानावर हात आडवा धरला.

सगळे जेवून उठल्यावर पातेल्यात थोडा भात होता आणि परातीत बुंदी. सांडूमामा म्हणाले, "एवढं उरलं पाहिजेच. काही उरलं नाय तर लोक म्हणतात पुरलं नाय."

पंचशील म्हणताना माइकवरून ऐकू येत होतं, तेवढं ऐकलं. हार घालताना मी पातेल्याजवळच होतो, दिसलं नाही. फोटोवाल्यानं दाखवलं. हार हातात घेतलेली ताई समोर धम्मपालदाजींकडं न बघता बाजूला, मांडवाच्या मागच्या अंगाला कुठंतरी बघतेय. फोटोवाला म्हणाला, एवढा एकच फोटो बिघडला.

रविवार, २४ मे

सांडूमामांनी बोलावलंय. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं सहा लग्नं आहेत, आकडे काढून दे म्हणाले. मी हो म्हटलंय. आप्पांनी विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, बघू. आप्पा म्हणाले, "आमच्या ओळखीत आता नवीन घरं उरली नाय तुला जेवायला. दुसऱ्यांच्या लग्नात शोध."

येत्या रविवारी चितेगावला दाजींकडं स्वागत समारंभ आहे. ताईनं तिकडंही डेटाबेस बसवलाय. लग्न होऊन जेमतेम आठवडा झाला आणि सासरी तक्ता. तिच्या सासूनं, सारजाबाईंनी, आईला फोन केला होता. म्हणाल्या, तुमच्या लेकीनं आम्हाला सांगून ठेवलंय, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाय. आई फोन ठेवून जरा वेळ कुरकुरली. लेकीच्या घरी जायला आकडा सांगायचा म्हणजे काय.

दुपारी दाजींनी पडद्याचा फोटो पाठवला. 'बघा मेहुणे, बरोबर झालंय का.' मी एकेक ओळ तपासली. आता मला रिकामा रकाना लांबून दिसतो. एकही नव्हता. आमची ओळ सगळ्यात वर होती. बजाजनगर, माहेर, माणसं चार.

मी ताईला फोन लावला. म्हटलं, "तुझी चूक सापडली. आम्ही तिघंच आहोत. आप्पा, आई न् मी."

"चूक नाय," ती म्हणाली. "बरोबर टाकलाय."

"मग चौथं कोण? शिवराजला धरलंस काय?"

"आपण किती ते तूच मोज," म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी परत मोजलं. तीनच होतात. आईला विचारलं, "आई, आपण चौघं कसे?" आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तो पडद्याचा फोटो बोटांनी मोठा करून बघत बसली. तिला चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही, तरी बघत होती.

म्हटलं, "दाजींना सांगतो तीन करायला."

"काही सांगू नको," आई म्हणाली.